फळ्यावरचा ऑइलपेंट

मित्रांनो, मी रुग्णवाहिकांच्या ठाण्यातला एक जुना फळा आहे. टेलिफोनच्या टेबलामागे टांगलेला असतो. एका सुतारानं मला मन लावून घडवलं, काळा कुळकुळीत रंग दिला. आता माझ्यावर लाल-पिवळी फुलं आहेत. शी! त्या ऑइलपेंटचा वास आठवला की अजून नको नको होतं.

सुरुवातीला माझ्यावर फक्त ड्रायव्हरांच्या पाळ्या लिहीत. मग तापाची साथ आली. दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हर तात्या घामाघूम होऊन आत आले आणि टोपी टेबलावर आपटली.

"मावशी, पेशंट घेऊन तीन दवाखाने फिरलो! बेड आहे का, एवढं आधी विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?"

फोन घेणाऱ्या मावशींनी रिसीव्हर खाली ठेवला. "चुकलं हो तात्या, माझंच चुकलं." त्यांनी खडू उचलला आणि माझ्यावर लिहिलं : 'आधी दवाखान्याला फोन. बेड असेल तरच गाडी तिकडे.' आपली चूक आपल्या हातानं लिहिणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग रोज पाळी बदलताना जो तो आपली चूक लिहू लागला. एकानं चुकून रिकामं ऑक्सिजन सिलिंडर नेलं होतं. त्यानं लिहिलं : 'भरलेली खिडकीखाली, रिकामी दारामागे. उचलण्याआधी काटा बघा.' दुसऱ्या दिवसापासून तसंच होऊ लागलं. समोरचे शिंपीकाका सगळ्यांना फुकट मास्क शिवून द्यायचे. येता-जाता मला वाचायचे आणि म्हणायचे, "हा फळा नाही, डॉक्टर आहे!" मी फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू?

साथ ओसरली. गरज सरो, वैद्य मरो! मोठे साहेब पाहणीला आले.

"हे काय गिचमिड? उद्या पाहुणे यायचेत."

मावशी म्हणाल्या, "साहेब, निदान वहीत उतरवून घेऊ द्या."

"कामं करा कामं! उतरवताय काय?"

ओल्या फडक्यानं मला पुसलं. वर ऑइलपेंटनं फुलं काढली आणि मधोमध रंगवलं : 'संकटातून आम्ही शिकलो.' हॉल मोकळा दिसावा म्हणून सगळी सिलिंडरं एका कोपऱ्यात रचली. साहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढला, हार गळ्यात घालून! निर्लज्जपणालाही काही सीमा असते की नाही? तात्या निवृत्त झाले, मावशींची बदली पालिकेतल्या दाखल्यांच्या खिडकीवर झाली.

दोन वर्षांनी साथ परत आली. शिंपीकाकांना धाप लागली. नव्या ड्रायव्हरनं कोपऱ्यातलं हाताला लागेल ते सिलिंडर उचललं. ते रिकामं होतं. पहिल्या दवाखान्यात बेड नव्हता, दुसऱ्यातही नव्हता. तिसऱ्याच्या दारात काका गेले.

चार दिवसांनी साहेब खुर्चीत रेलून काकांच्या मुलीला सांगत होते, "बाई, असं काही होईल हे कुणाला ठाऊक होतं?"

मला ठाऊक होतं! सगळं मला ठाऊक होतं, ह्या घाणेरड्या फुलांच्या खाली.

मुलीनं मान वर करून माझ्यावरची ओळ सावकाश वाचली आणि विचारलं, "काय शिकलात?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. नव्या ड्रायव्हरचे डोळे भरले होते. त्यानं कुठून तरी खडूचा तुकडा शोधला आणि माझ्यावर लिहायला गेला : 'उचलण्याआधी काटा...' खडू नुसताच सरकला. त्यानं पुन्हा जोर लावला. ऑइलपेंटवर खडू उमटत नाही, मित्रांनो.

मला पुसायला माझी कधीच ना नव्हती. पुसण्याआधी वाचा, उतरवून घ्या, नव्या माणसाला सांगा, एवढंच म्हणणं होतं. आणि आता तुमच्यापैकी कुणी ह्या ठाण्यात आलंच, तर येताना खरकागद घेऊन या. खरवडा मला.