दोन दणक्यांची वाट

मी रूथॅन टिडवेलच्या घरातला रेडिओ बोलतोय. गाणी लावणारा नव्हे. मी आहे तळहाताएवढा, काळा, आखूड एरियलचा, आणि मला फक्त माणसांचं बोलणं पकडता येतं. फ्लोरिडात टायटसव्हिल गावी, नदीच्या अलीकडच्या काठाला आमचं घर. पलीकडे अंतराळयान उतरायची धावपट्टी. गावातल्या हौशी रेडिओवाल्यांचा क्लब यानातलं आणि जमिनीवरचं बोलणं आपल्या लहरींवर सोडत असे. ते पकडून ऐकवायचं, एवढंच माझं काम.

मला आणलं रूथॅनच्या नवऱ्यानं, ग्लेननं. तो वारल्यावर मी तिचा झालो. यान उतरायच्या दिवशी ती घडीची खुर्ची, कॉफीचा थर्मास आणि मला घेऊन काठावर जाई. शेजारचा ओटिस तिच्या आधीच येऊन बसलेला असे. त्यानं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, त्याला कुणाचाच उशीर खपत नसे. यान डोळ्यांना दिसायच्या आधी त्याचा आवाज येतो. लागोपाठ दोन दणके. खिडक्या थरथरतात, कुत्री भुंकतात, आणि काठावरचे सगळे हसतात. आले म्हणून.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते दणके आलेच नाहीत. जमिनीवरून हाक जात होती आणि वरून उत्तर येत नव्हतं. ओटिसनं मला हलवलं, पाठीवर थाप मारली. "ह्याची बॅटरी गेली वाटतं," तो म्हणाला. बॅटरी आदल्याच दिवशी घातलेली होती. बिघाड माझ्यात असता तर किती बरं झालं असतं. त्या यानातली सात माणसं परत आली नाहीत. तेव्हापासून माझ्यातलं बोलणं जरा थांबलं की मला धडकी भरते.

पुढं काही वर्षांनी आणखी एक मोहीम गेली. चौथ्या दिवशी टीव्हीवर यानाच्या पोटाचा फोटो दाखवला. पुढच्या चाकाच्या दारामागं एक टाइल नव्हती. उतरतानाच्या प्रचंड उष्णतेपासून यानाला वाचवणाऱ्या त्या काळ्या टाइल्स, वजनाला पावासारख्या हलक्या. रूथॅन अंडी फेटत होती. तिचा हात थांबला.

ग्लेनशी लग्न होण्याआधी अकरा वर्षं तिनं पलीकडच्या अंतराळ केंद्रात त्याच टाइल्स चिकटवल्या होत्या.

ओटिस परसदारानं आला तेव्हा अंडी तशीच होती.

"ती जागा माझी आहे," ती म्हणाली.

"तुझी कशी? हजारो टाइल्स असतात म्हणून तूच तर सांगतेस."

"त्या दाराच्या मागची ओळ मी लावलीय. त्या दिवशी डिंक लवकर सुकत नव्हता. मुकादम डोक्यावर उभा. मी डिंकात थुंकले, ओटिस. थुंकी घातली की लवकर घट्ट होतो. तेव्हा बऱ्याच जणी करायच्या. ते धरत नाही हे नंतर कळलं."

ओटिस खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "ग्लेनला ठाऊक होतं?"

"नाही."

"मग आता मला झालं. पुढं काय करायचं ते बोल."

तिला फोन करायचा होता आणि करायचा नव्हता. दोनदा रिसीव्हर उचलून तिनं खाली ठेवला. मी तिथंच खिडकीत होतो. तिसऱ्यांदा केंद्रातली एक मुलगी फोनवर आली.

"तुम्ही नेमकं काय कळवताय, मॅडम?"

"ती टाइल मी नीट लावली नव्हती. तिच्या शेजारच्याही नसतील. वरच्या माणसांना उतरवायच्या आधी कुणीतरी हे ऐकायला हवं."

मुलीनं नाव, नंबर, वर्ष लिहून घेतलं. कळवते म्हणाली. फोन वाजला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि यानाची उतरायची वेळ ठरली.

त्या सकाळी काठावर गर्दी होती, पण गप्पा नव्हत्या. रूथॅननं मला दोन्ही हातांत धरलं होतं. यान वातावरणात शिरलं असं माझ्यातून ऐकू आलं. मग बोलणं तुटक झालं, आणि मग नुसती खरखर.

"किती झालं?" ती म्हणाली.

"एक मिनिट. गप बस."

"ओटिस, ते आले नाहीत तर मी घरी कशी जाणार?"

"माझ्याबरोबर. गाडी मीच आणलीय."

खरखर चालूच होती. तिच्या अंगठ्याखाली माझं बटण होतं आणि तो अंगठा त्यावर दाबला जात होता. बंद करू नको, करू नको, असं मी मनात म्हणत होतो. वरून काही येत नव्हतं. माझ्याजवळ देण्यासारखं काहीच नव्हतं. घाबरलेल्या माणसाच्या हातात असून त्याला एक शब्द देता येऊ नये, याहून वाईट मी काही पाहिलेलं नाही.

मग दणका झाला. लगेच दुसरा.

लोक उठून ओरडले. यान धावपट्टीवर टेकून थांबेपर्यंत रूथॅन मान खाली घालून बसली, आणि ओटिस तिच्या खुर्चीमागं खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

तीन आठवड्यांनी फोन आला. बोलणारा माणूस वयस्कर होता आणि त्याचा आवाज मऊ होता. "मॅडम, त्या जागेची टाइल तुमच्यानंतर तीनदा बदललीय. तुमच्या हातची ती पूर्ण ओळच केव्हाची काढून टाकली."

"म्हणजे माझं काहीच नव्हतं वर?"

"काहीच नव्हतं. निश्चिंत राहा."

तिनं आभार मानले, फोन ठेवला आणि ती टेबलाशी बसून रडली. ओटिस म्हणाला, "आता कशाला? सुटलीस ना?"

"सुटले रे. पण अकरा वर्षं काम केलं, त्यातली एकसुद्धा टाइल वर राहिली नाही."

ओटिसनं तिच्यासाठी अंडी केली, ती करपली, तरी तिनं खाल्ली.

आता ती यानं संग्रहालयांत उभी आहेत. क्लबनं बोलणं सोडायचं बंद केलं. रूथॅन ब्याऐंशीची आहे, तिला ऐकू येत नाही. नवी यानं दूर समुद्रात उतरतात, तरी त्यांतून माणसं परत यायची असली की ती अजून काठावर जाते, मला मांडीवर घेते आणि माझ्या आवाजाच्या जाळीवर तळवा ठेवते. माझ्यात आता खरखरीशिवाय काही येत नाही. तिच्या तळव्याला ती नुसती थरथर लागते आणि तिला वाटतं, माणसं बोलताहेत. ओटिस मोबाइलमध्ये बघून तिला खुणेनं सांगतो, ठीक आहेत सगळे.

मला अजून भीती वाटते. वरच्यांसाठी वाटते, आणि आता तिच्यासाठीही. तेव्हा एकच मागणं आहे. ती काठावर येते आहे तोवर माझी बॅटरी कुणी काढू नका.