नंबर माझा, अंग दुसरीचं

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे, असं म्हणायची मला सवय आहे. खरं पाहिलं तर माझ्यात जीप म्हणावी असं आता काही उरलेलं नाही. नगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका पत्र्याच्या शेडबाहेर, कडुलिंबाखाली माझी चासी पडून आहे. चासी म्हणजे गाडीच्या खालचा लोखंडी सांगाडा. शेडमध्ये येणारे लोक माझ्यावर बसून चहा पितात. कुत्री काय करतात ते तुम्हाला सांगत नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला आणि लगेच मला लष्करात धाडलं. हिरवा रंग, कडक शिस्त, रोज सकाळी धुणं-पुसणं. तिथे माझे फार लाड झाले असं समजू नका. लष्करात गाडीचे लाड करत नाहीत, हजेरी घेतात. सोळा वर्षांनी नगरच्या लिलावात मला उभं केलं आणि मिरजगावच्या कानिफनाथाने मला घरी नेलं. तेव्हा तो तिशीतला होता. पेट्रोल परवडेना म्हणून त्याने माझं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, पत्रा गंजला तेव्हा गावातल्या लोहाराकडून दुसरा ठोकून घेतला, आणि रंग तर इतक्यांदा बदलला की मलाच आठवत नाही.

कर्जतच्या बाजारला मी सतरा-सतरा माणसं वाहिली. वऱ्हाड नेलं, शेळ्या नेल्या, अडलेल्या बायका दवाखान्यात पोचवल्या. दोन बाळं तर माझ्या मागच्या सीटवरच जन्मली. एकाच्याही बापाने मला साधा नारळ फोडला नाही, पण ते असो. कानिफनाथ मला शिव्या देत चालवायचा आणि उतरताना बॉनेटवर थाप मारायचा. ती थाप मला पुरायची.

तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्याची दृष्टी गेली. दुसरा कुणी असता तर खाटेला खिळला असता. कानिफनाथ हातांनी बघायला लागला. गाईची धार काढायचा, ज्वारीचा दाणा बोटांत चोळून कोणत्या वावरातला आहे ते सांगायचा, कुणी खांद्यावर हात ठेवला की नाव घ्यायचा. बायको बनुबाई त्याला हात धरून न्यायला आली की चिडायचा. रोज सकाळी तो मला दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवायचा आणि बॉनेटवर तळवा टेकवून उभा राहायचा. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. त्या माणसाकडे आता फक्त हात होते.

तेव्हा आमच्या अंगणात धवल आला. तो नगरला सावेडीत राहणारा, घरांचे नकाशे काढणारा माणूस. त्याला जुन्या जीपचं वेड होतं, आणि ते वेड खरं होतं, हे मी कबूल करते. एका जुन्या दिव्याच्या कड्यासाठी तो चार जिल्हे फिरला होता. त्याच्या शेडमध्ये एक जीप आधीच उभी होती. माझ्याहून जुनी, माझ्याहून देखणी, सगळा पत्रा अस्सल. परराज्यातल्या भंगारातून आणलेल्या त्या बयेला फक्त कागद नव्हते, आणि कागदाशिवाय ती रस्त्यावर येऊ शकत नव्हती.

हे सगळं त्याने कानिफनाथाला सांगितलं नाही. तुमची गाडी नव्यासारखी करतो, एवढंच तो म्हणाला. कानिफनाथाने किमतीवरून घासाघीस केली नाही.

"हिला परत रस्त्यावर आना," तो म्हणाला, "आन् एकदा मला हिच्यात बसवा. दुसरं काय मागनं न्हाई."

धवलने वाकून त्याच्या पाया पडत शब्द दिला. मला वाटलं, माझं नशीब उघडलं. किती मूर्ख असते गाडी!

शेडमध्ये भिमाजी मिस्त्रीने मला चालू करून पाहिलं. मी पहिल्या झटक्यात सुरू झाले. भिमाजी जरा वेळ इंजिनाचा आवाज ऐकत राहिला.

"साहेब, ही चालू गाडी हाय," तो म्हणाला. "कापायची म्हंजी जिवावर येतं."

"हिच्यात अस्सल काय आहे सांग," धवल शांतपणे म्हणाला. "इंजिन बदललेलं, पत्रा लोहाराचा. हिचा नंबर तेवढा चांगला आहे. तो घे."

तो नंबर म्हणजे पुढच्या चाकाजवळ माझ्या चासीवर ठोकलेले आकडे. गाडीचे कागद त्या आकड्यांच्या मागे चालतात. असं कापून लावणं हा सरळ गुन्हा आहे, पण वेड लागलेल्या माणसाला तो दुरुस्तीचाच भाग वाटतो. भिमाजीने ग्राइंडर लावला आणि तळहाताएवढा तुकडा माझ्यातून कापून त्या बयेच्या चासीत जोडला. वरून असा रंग दिला की जोड कुठे आहे ते त्यालाही सापडू नये. माझं इंजिन कुणीतरी विहिरीवर पाणी उपसायला नेलं. पत्रा किलोवर गेला. नाव तिचं झालं आणि मी कडुलिंबाखाली आले.

धवल शब्दाचा पक्का निघाला. आठ महिन्यांनी त्याने स्वतः गाडी पाठवून कानिफनाथ आणि बनुबाईला बोलावून घेतलं. बनुबाईने कुंकू आणि नारळ आणला होता. कानिफनाथाने अंगात नवा सदरा घातला होता. चपला त्याने लांबच, माझ्याजवळ काढल्या आणि अनवाणी त्या चकचकीत जीपकडे गेला.

त्याने बॉनेटवर तळवा ठेवला. मग मडगार्डवरून हात फिरवला, कडेच्या पत्र्यावरून, स्टिअरिंगवरून. पुन्हा मागे येऊन बॉनेटवर ठेवला.

"ही माजी न्हाई," तो म्हणाला.

त्या क्षणी मला त्याचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! धवल हसला. वाईट हसला नाही, प्रेमाने हसला, आणि मला त्याचाच राग येतो. काका, सगळं नवीन केलंय, म्हणून तसं वाटतं, असं म्हणत त्याने कानिफनाथाचा हात धरला आणि बोट नेमकं त्या नंबरावर ठेवलं. कानिफनाथाने एकेक आकडा चाचपून मोठ्याने वाचला. एकही चुकला नाही. चाळीस वर्षं पाठ असलेला नंबर कसा चुकेल?

भिमाजी हातातल्या पान्याकडे बघत राहिला. त्याने एक शब्द बोलायला हवा होता. तो बोलला नाही.

"नंबर तर आपलाच हाय," कानिफनाथ शेवटी म्हणाला. "मंग माजा हातच गेला म्हनायचा."

बनुबाईने त्या बयेला कुंकू लावलं. कानिफनाथाला शेजारी बसवून धवलने दोन चकरा मारल्या, फोटो काढले आणि जुना मालक आपल्या गाडीला भेटला असं लिहून मोबाईलवर टाकले. लोकांनी त्यावर डोळे पुसले म्हणे.

परत जाताना कानिफनाथ चपला घालायला माझ्यावर बसला. तोल सावरायला त्याचा हात माझ्या आडव्या पट्टीवर टेकला आणि थबकला. बोटं हळूहळू पुढे सरकली. मला वाटलं, आता ओळखेल. कापलेल्या जागेपर्यंत जेमतेम वीतभर अंतर उरलं होतं. तेवढ्यात त्याने स्वतःच हात उचलून घेतला.

"ह्या भंगारातबी मला आपलीच गाडी वाटाया लागली," तो बनुबाईला म्हणाला. "माज्या हातावर आता इसवास ठिवू नको."

तिने त्याचा हात धरला. या वेळी तो चिडला नाही.

मागच्या महिन्यात भिमाजी कामासाठी मिरजगावला जाऊन आला. चहा पिताना तो सांगत होता की म्हातारा आता धार काढत नाही. दाण्याला हात लावत नाही. अंगणातसुद्धा बनुबाईशिवाय पाऊल टाकत नाही. दिवसभर दोन्ही हात मांडीवर ठेवून खाटेवर बसून असतो. हे सांगताना भिमाजी माझ्यावरच बसला होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून मी तुमचा निरोप घ्यावा अशी तुमची अपेक्षा असेल. मला जपू नका. मला उद्या भट्टीत घातलं तरी चालेल. पण तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलं, तर मिरजगावात उतरा, कानिफनाथाचं घर विचारा आणि त्याला एवढंच सांगा, की बाबा, तुमचा हात दोन्ही वेळा बरोबर होता.