द्राक्षाच्या बियांचा अर्क

"मॅडम, त्यातलं थोडं मला मिळेल का?"

मॅडम उंदराचं वजन करत होत्या. "कशातलं, मामा?"

"बियांच्या अर्कातलं. बायकोसाठी."

प्रयोगशाळेतल्या उंदरांचं खाणंपिणं, सफाई मी बघतो, म्हणून सगळे मला उंदीरमामा म्हणतात. म्हणोत बापडे. उंदरांना जे इंजेक्शन चाललं होतं, तेच माझ्या बायकोला कॅन्सरच्या गाठीसाठी चालू होतं. गाठ कमी होत होती, पण किडन्या खराब होत होत्या. थांबवावं तर गाठ, चालू ठेवावं तर किडन्या. इकडे आड, तिकडे विहीर. आणि माझ्या डोळ्यांदेखत, ज्या उंदरांना इंजेक्शनआधी द्राक्षाच्या बियांचा अर्क मिळायचा ते टुणटुणीत होते. नुसत्या इंजेक्शनवाले कोपऱ्यात अंग फुगवून बसलेले.

"उंदराला लागू पडलं म्हणून माणसाला पडेलच असं नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यानं गाठीवरचा गुण कमी झाला तर? मी कशाच्या भरवशावर देऊ?"

"मग कधी कळेल?"

"वर्षं जातील, मामा."

बाई वाईट नाही हो. वाईट असती तर भांडून मोकळा झालो असतो. अर्काच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची. त्या दिवशी मी दोनदा कपाट उघडलं आणि दोनदा लावलं. किती द्यायचं हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

घरी जाताना द्राक्षं घेतली. बायकोला अर्काचं सगळं सांगितलं. तिनं एक मणी दाबून पाहिला आणि हसायला लागली.

"अहो, यात बियाच नाहीत. आणि डॉक्टरांनी फळं बंद केलीत ना माझी?"

मी कपाळावर हात मारला. शेवटी मीच खाल्ली, तीही आंबट निघाली.

पण तेव्हापासून ती रोज विचारायची, "आपले अर्कवाले कसे आहेत?" मी म्हणायचो, मजेत. तेवढ्यावर ती दोन घास जास्त जेवायची, म्हणून मीही जरा रंगवून सांगायचो.

मग प्रयोग संपला. मॅडमनी ट्रेमधल्या किडन्या दाखवल्या. नुसत्या इंजेक्शनवाल्यांच्या फिकट, सुजलेल्या. अर्कवाल्यांच्या लालसर, तुकतुकीत. मॅडमचा चेहरा फुलला होता. मी रिकामे पिंजरे धुवायला घेतले.

घरी ती उशीला टेकून वाट बघत होती. "आज कसे आहेत?"

"किडन्या एकदम छान आहेत त्यांच्या."

"कशावरून?"

"स्वतः बघितल्या की."

बोलून गेलो आणि जीभ चावली.

"बघायला कापावं लागलं असेल."

"हो."

"अर्कवाल्यांनाही?"

"सगळ्यांनाच. त्याशिवाय कळत नाही."

मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पुढचं इंजेक्शन होतं.

"हात धुतलेत ना?" तिनं विचारलं.

"धुतलेत."

"मग धरा जरा," म्हणत तिनं सुजलेला हात पुढे केला.