अच्युतकाकांची खबर देणारा डबा

मित्रांनो, चंडीगडमधल्या एका दुमजली घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, उन्हाने पिवळा पडलेला एक डबा दिसतो. तो मी. माझ्या डोक्यावर अँटेनाची काडी आहे. माझे काम ऐकण्याचे आणि ऐकलेले कळवण्याचे.

मला लीनाने घडवले. ती सेक्टर 39 मधल्या संशोधन संस्थेत नोकरीला होती आणि या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होती. खाली विनयाकाकू आणि अच्युतकाका. काका हवाई दलातून निवृत्त झालेले. हल्ली त्यांना घराची वाट आठवत नसे. लीनाने त्यांच्या पट्ट्याला सुपारीएवढे एक यंत्र अडकवले. दर दहा मिनिटांनी ते आपला ठावठिकाणा सांगे, तोही इतक्या हळू आवाजात की एक बॅटरी दोन वर्षे पुरावी. तो बारीक आवाज मी सहा किलोमीटरवरूनही ऐकत असे. काका सेक्टरबाहेर गेले की लीनाच्या फोनवर कळवत असे.

"काकू, तुमच्या फोनवरही लावून देते ना."

"नको गं बाई, मला ती टुणटुण! तू आहेस की. जिन्यातून ओरड."

लीना ओरडे, काकू धावत. दोनदा त्यांनी काकांना बस अड्ड्यावरून परत आणले. त्या दसऱ्याला काकूंनी मला झेंडूचे फूल वाहिले.

मग लीनाचा नवरा, मेजर शिशिर, याची जोरहाटला बदली झाली. काळ्या पेट्या भरल्या, त्यांवर पांढऱ्या रंगाने नाव घातले. गॅस, दूध, पेपर आठवणीने बंद केले. माझ्यात मात्र लीनाचाच नंबर राहिला.

"मी तिथून फोन करीन, काकू. पक्का!"

तिने केलेही. "काकू, काका बाहेर गेलेत!"

"अगं, माझ्याबरोबर मंडीत आहेत. वांगी निवडतायत!"

दोघी हसल्या. असे पाच-सहा वेळा झाले. लीनाला ओशाळल्यासारखे वाटू लागले. तिने माझ्या निरोपांचा आवाज बंद केला. काकूंना ते सांगितले नाही.

जानेवारीत, दाट धुक्याच्या सकाळी, काका दहा वाजता निघाले. सेक्टर 38, मग धनास गाव, मग त्यापुढचा कोरडा ओढा. मी सगळे ऐकले आणि प्रत्येक वेळी कळवले. खाली शेजारच्या आनंदीने विचारले, "काका दिसत नाहीत?"

"असतील बागेत," काकू म्हणाल्या. "लांब गेले असते तर लीनाचा फोन आला असता."

मित्रांनो, मी त्यांच्या डोक्यावर वीस फुटांवर होतो. मला तोंड नाही.

काका संध्याकाळी ओढ्यात सापडले, थंडीने आखडलेले. चौथ्या दिवशी इस्पितळातच वारले.

तेरावा झाल्यावर काकूंनी यंत्रे दुरुस्त करणारा मिस्त्री बोलावला. "निकाल दो इसे. खराब है."

त्याने लॅपटॉप जोडून पाहिले. "खराब नहीं है, आंटीजी. उस दिन चालीस बार बोला है."

 काकूंनी गच्चीतूनच जोरहाटला फोन लावला. "लीना, तुला कळत होतं?" "आवाज बंद केला होता, काकू. तुम्हाला सांगितलं नाही," लीना रडत म्हणाली.

मित्रांनो, कुणाच्या भरवशावर कुणी निर्धास्त बसलेले असते. तो भरवसा मोडायचा असेल तर मोडा, पण त्या माणसाला आधी सांगा. एक फोन पुरतो. ते न करता उगाच माझ्यासारख्याला खराब म्हणू नका.

आता माझ्यात काकूंचा नंबर आहे. लीनाने लांबूनच घातला. कळवण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही.