भरलेल्या खुर्च्या

कॅफेवाल्या अफसरभाईंची अट सरळ होती: गाणारे तुम्ही, तर ऐकणारेही तुम्हीच आणायचे. दोन शनिवार रिकाम्या खुर्च्यांपुढं गाऊन इंद्रजीतच्या बँडचा जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून आज त्याची आई गीताबाई शेंद्र्याहून जीप भरून भावकी घेऊन आली. एकही खुर्ची उरली नाही, प्रत्येक गाण्याला टाळ्या पडल्या.

पण आपलं पोरगं गातं तिथं पैसे मोजून खायचं, ही रीत भावकीत कुणाच्या बापानं पाहिली नव्हती. मेनूकार्ड आलं की गीताबाई ते परत पाठवायची आणि घरून आणलेली पोळी-भाजी सगळ्यांपुढं सरकवायची. अफसरभाई गल्ल्यावर बसून नुसत्या टाळ्या ऐकत राहिले.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी इंद्रजीतला बाजूला घेतलं.

"मियाँ, आवाज में कमी नई. पन कॉफी बिकी तो मेरा किराया निकलता. अगले शनिवार से टीव्ही पे मॅच लगाता मैं."

गिटार खांद्याला अडकवून तो बाहेर आला. गीताबाई जीपमधून डोकावत होती.

"बसायला जागा पुरली नाय बघ," ती म्हणाली. "पुढल्या शनिवारी दोन जीपा आणते."

"आण," तो म्हणाला.