अंग चोरून

सोमवारी मिलकाबाईंच्या घराची ओटी गेली. पडली नाही, कोणी पाडली नाही, गेली. माजघराचं दार उघडलं की थेट रस्ता. ओटीच्या चौकटीवरचा मेझुझा, म्हणजे प्रार्थनेचं चर्मपत्र ठेवलेली ती पितळी नळी, एक दार आत सरकून माजघराच्या चौकटीवर बसला होता, जन्मापासून तिथंच असल्यासारखा. बाईंनी सवयीनं त्याला बोटं लावली आणि ओठांशी नेली. नळी कोमट होती.

त्या घाबरल्या. तेवढ्यात आतून सॅमसनची हाक आली, "मिलका, पेज आहे का गं?"

ज्या नवऱ्याच्या घशाखाली घोटभर पाणी उतरत नव्हतं, तो पेज मागत होता! मग ओटी गेली तर गेली. तिच्यावर बसायला तरी आता कोण येत होतं? गावातले सगळे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, इस्रायलला गेलेले. प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष सोडाच, सिनेगॉगात दिवा लावायला माणूस मिळेना. म्हणून तर बाई देवाशी स्वतःच बोलायला लागल्या होत्या, नारळ खवता खवता, साध्या मराठीत. "लांब नको बसूस रे बाबा. जवळ ये. यांच्या उशाशी बस." बाईंचा आग्रह म्हणजे आग्रह, पाहुण्याला पानावर बसवल्याशिवाय कधी सोडलं नाही त्यांनी.

मग माजघर गेलं, आणि सॅमसन उठून बसला. मग स्वयंपाकघर गेलं, तव्यावरच्या भाकरीसकट, आणि त्याच्या गालांवर रंग आला.

अलिबागहून दाऊदकाका हजान समाचाराला आले. प्रार्थना म्हणवून घेणारा जाणता माणूस, पण आत उभं राहायला जागा नव्हती, म्हणून रस्त्यावरूनच बोलले.

"घर एवढंसं कसं गं झालं?"

"देवाला जवळ बोलावलं, काका."

काकांचा चेहरा उतरला. "अगं, जग करायचं म्हणून तो आधी मागं सरला. अंग चोरून बसला, तेव्हा कुठं आपल्याला जागा झाली, असं आमचे म्हातारे सांगायचे. तू त्यालाच ओढून आणलंस. आता तुम्ही कुठं राहणार?"

"मग काय करू?"

"म्हण, जरा मागं सर."

"आणि हे?"

काकांनी सॅमसनच्या भरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. निघताना त्यांचा हात मेझुझाकडे गेला आणि चटका बसल्यासारखा परत आला.

दुपारपर्यंत खाटेपुरती खोली उरली. दोन्ही भिंती खाटेला टेकल्या. सॅमसननं पाय खाली सोडायला पाहिलं, तर खाली जमीन नव्हती. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"चहा टाक ना," तो म्हणाला.

मिलकाबाई पायथ्याशी गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. 'मागं सर' हे शब्द अगदी जिभेच्या टोकावर होते. म्हटले, तर सॅमसनचा श्वास पुन्हा घरघरायला लागेल. न म्हटले, तर इथं तिघं मावणार नाहीत. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि आणखी अंग चोरलं. उशाशी वीतभर जागा झाली.

बाहेर पितळेवर बोटं घासल्याचा आवाज आला. मग ओठांचा. रीतभात जाणणारा पाहुणा आत येण्याआधी करतो, तसंच.

"कोण आलंय गं?" सॅमसन म्हणाला. "आत घे ना."

दार आत उघडणारं होतं, आणि मिलकाबाईंची पाठ त्याला टेकलेली होती.