नितळआईचा वाडगा

अनुमान

शाळेच्या वहीत प्रयोग लिहिताना अनुमान शेवटी यायचं. नितळआईच्या खोलीत ते सगळ्यांच्या आधी येऊन बसायचं, म्हणून इथेही पहिली जागा त्यालाच.

तर, धाकटी सुटली होती.

टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. बायका भिंतीला, दाराला, एकमेकींना टेकून उभ्या. मधोमध पांढरा वाडगा, त्यात साधं दिसणारं पाणी आणि वाडग्यामागे नितळआई, दोन्ही हात शालीत. धाकटीने ओंजळ बुडवली. पाणी हललं, थांबलं आणि नितळच राहिलं. खोलीभर सुस्कारा फिरला, कारण मागच्या खेपेला याच ओंजळीने ते गुलाबी केलं होतं.

"गोळ्या डॉक्टरणीच्या, पण सोडवणूक माझी," नितळआई म्हणाली. "पोटातून गेलेला जीव हाताला चिकटून राहतो. तेव्हा चिकटलेला होता, आता सुटला. पाणी खोटं बोलत नाही बायांनो, पाण्याला कुठे पोट भरायचंय?"

"आणि सोमवारी तपासणीला बोलावलंय, त्याचं काय?" धाकटीची मोठी जाऊ, घरातली थोरली, तिने विचारलं.

"दवाखान्याची पायरी चढायची नाही. तिथल्या यंत्राने पोटात डोकावलं, की सुटलेल्याला परतीची वाट दिसते."

दोघींच्या सासूबाईंनी हात जोडले. तपासणीची कटकट टळली, वर पुण्यही पदरात पडलं.

निरीक्षण

धाकटी जिना उतरताना कठड्याला लोंबकळत होती.

दोघी जावा धुलाईघरात कामाला. हॉटेलांच्या चादरी सोड्याच्या हौदात भिजवायच्या, घासायच्या, पिळायच्या. धाकटीला दोन मुलं होती, तिसरं नको हे नवरा-बायकोने मिळून ठरवलं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून गर्भपाताच्या गोळ्या दिल्या होत्या. चोरीचं काही नव्हतं. पण गेलेला जीव घरात घुटमळेल अशी सासूबाईंना शंका आली, आणि शंका आली की नितळआई दूर नव्हती.

थोरलीने तिच्या कपाळाला हात लावला. तवा.

"ताप कधीपासून?"

"परवापासून. येतो, जातो."

"आणि अंगावरून?"

"कमी झालं होतं. सकाळपासून पुन्हा सुरू. आता तासाला दोन-दोन पॅड भिजतायत. वासही येतोय, जाऊबाई."

"मग वर का नाही बोललीस?"

"पाणी नितळ निघालं ना. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

थोरलीचं डोकं तिथे फिरलं. तिने गाडी बोलवायला सांगितलं, तर सासूबाई धाकटीचा दंड धरून पायरीवरच बसल्या. "आत्ताच नितळ निघाली ती. आता दवाखान्यात नेऊन मला पापात ढकलू नकोस."

"या ऐकत नाहीत, आणि मलाही भीती वाटते," धाकटी पुटपुटली.

थोरलीला एकेक आठवायला लागलं. धुलाईघरातून आलेली प्रत्येक बाई गुलाबी. कोपऱ्यावरची शिवणवाली याच गोळ्या घेऊन आली, तर पहिल्या फटक्यात नितळ. धाकटीने आजारपणात हौदाला हात लावला नव्हता, वर नितळआईने दिलेल्या बाटलीतल्या आंबूस पाण्याने रोज हात धुतले होते. थोरलीच्या स्वतःच्या नखांत मात्र सकाळच्या सोड्याची पांढरी रेघ तशीच होती.

"दोन मिनिटं," ती म्हणाली, धाकटीच्या पिशवीतली बाटली उचलली आणि वर धावली.

कृती

रांग मोडून तिने दोन्ही हात मनगटापर्यंत वाडग्यात घातले.

पाणी गुलाबी झालं. फिकट नाही, चांगलं गडद.

"माझं ऑपरेशन होऊन मुलगी चौथीला गेली," थोरली म्हणाली. "मला कोण चिकटलंय?"

"मनातलं पाप," नितळआईने शालीतूनच वाडगा धरून पाणी पालटलं. "मनालाही दिवस जातात."

तेवढ्यात धुलाईघराचा मुकादम दारात उगवला. सोड्याची पोती उतरवून तसाच आला होता, अंगाखांद्यावर पांढरी पूड. "अर्धं धुलाईघर इथे. जेवणाची सुट्टी कधीच संपली. चला, चला."

"मुकादम, जरा हात बुडवा."

"मी कशाला?"

"बुडवा तर. देवाचं पाणी आहे, चावत नाही."

त्याने बुडवले. वाडगा असा गुलाबी झाला, की मागच्या बायका टाचा उंच करून बघायला लागल्या.

"अगं बाई," शिवणवाली म्हणाली. "मुकादम, कितवा महिना होता?"

आधी एक खिदळली, मग जिन्यापर्यंत हशा पोचला. मुकादम हात झटकत राहिला. "बायकोच्या वाट्याचं पाप नवऱ्यावर उमटतं," नितळआई म्हणत होती, पण मुकादम बिनलग्नाचा होता आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

थोरलीने त्याच गुलाबी पाण्यात बाटली उपडी केली. रंग गेला. पाणी पुन्हा नितळ.

"मुकादम सुटले," ती म्हणाली. "आता नितळआई, शालीतले हात काढा. आमच्या धुलाईघरातल्या साबणाने धुऊन या आणि बुडवा."

नितळआईने शाल आणखी घट्ट आवळली.

दारात सासूबाई उभ्या होत्या. हशा ऐकून वर आल्या होत्या. त्या वाडग्याकडे बघत राहिल्या, मग नितळआईच्या शालीकडे. खालून धाकटीचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट: "मला दवाखान्यात न्या."

"मुकादम," सासूबाई म्हणाल्या, "गाडी बोलवा आधी."

साहित्य

आत थोडं राहून गेलं होतं आणि त्याला जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरीणबाईंनी गर्भाची पिशवी साफ केली, सलाइन लावलं, जंतुनाशक औषधं सुरू केली. संध्याकाळपर्यंत धाकटीने चहा मागितला.

"कधीकधी गोळ्यांनंतर असं राहतं," त्या म्हणाल्या. "यात तुझी चूक नाही. हे ओळखायलाच तपासणी असते."

मग थोरलीने वाडग्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"फिनॉल्फ्थॅलिन. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं. पाण्यात दिसत नाही, सोडा किंवा साबण लागला की गुलाबी होतं, त्या बाटलीतल्यासारखं व्हिनेगर पडलं की रंग जातो. तुमच्या बाईंनी एवढंच ओळखलं, की कोण धुलाईघरातून आलंय."

"म्हणजे ती आमची हजेरी घेत होती," थोरली म्हणाली.

उद्देश

हे सदर खरं तर वहीत पहिलं असतं. प्रयोग कशासाठी करायचा? नितळआईचा उद्देश वाडग्याएवढाच खोल होता, दर सोडवणुकीमागची दक्षिणा. खोलीला आता कुलूप आहे. मुकादमाला मात्र बायका अजून विचारतात, तपासणी करून आलात का.

पुढे शिवणवालीची बहीण गोळ्या घेऊन घरी आली, तेव्हा सासूबाई सोबतीला जाऊन बसल्या. वाडगा नाही, बाटली नाही. आधी कपाळाला हात लावला. मग विचारलं, "ताप आहे? किती जातंय? वास येतोय? दुखणं वाढतंय की कमी होतंय?" आणि शेवटी, "तपासणीला कधी बोलावलंय? मी येते बरोबर."

एवढंच करायचं असतं. पाण्याला विचारू नका, त्याला काही माहीत नसतं. जिचं दुखतंय तिला विचारा, ती सांगेल ते खरं धरा आणि तिला दवाखान्यात न्या. पाणी नितळ असलं तरी.